जोड जुळला

सन्मतीच्या हातातली कानस निसटली आणि थेट पायाच्या अंगठ्यावर पडली. तरी तिने हूं की चूं केलं नाही. समोर, दुकानाच्या उंबऱ्याबाहेर, एक अनोळखी माणूस तानपुरा एका हाताने सांभाळत दुसऱ्या हाताने चपलेचा पट्टा सोडवत होता, आणि त्याच्या छातीतून तिच्या नवऱ्याचं काळीज वाजत होतं.

धनपालला जाऊन चौदा महिने झाले होते.

तसं पाहिलं तर मिरजेत छातीत कृत्रिम झडप घेऊन फिरणाऱ्या माणसांचा काही तोटा नाही. अर्ध्या गावात दवाखाने, अर्ध्या गावात तंतुवाद्यांची दुकानं, आणि मधे दोघांना पुरतील एवढ्या चहाच्या टपऱ्या, अशी या गावाची वाटणी फार जुनी आहे. सन्मतीच्या गिऱ्हाइकांतच असे पाच-सहाजण होते. शांत खोलीत ते येऊन बसले की मनगटावरचं घड्याळ कुणीतरी छातीत ठेवल्यासारखं टिकटिक ऐकू यायचं. बाकीच्यांना सगळ्या झडपा सारख्याच वाजतात. सन्मतीला तसं वाटत नसे, कारण तिचं पोटच कानावर चालत होतं.

ही झडप म्हणजे कार्बनची एक कडी. तिच्यात दोन अर्धगोल पाकळ्या, बारीकशा बिजागऱ्यांवर हलणाऱ्या. हृदय आकुंचन पावलं की पाकळ्या उघडतात, रक्त पुढे जातं, आणि ते मागे फिरू नये म्हणून पाकळ्या धाडकन मिटतात. मिटताना कडीवर आपटतात, तोच तो आवाज. दोन्ही पाकळ्या एकाच क्षणी मिटाव्यात असा बनवणाऱ्याचा इरादा असतो, पण माणसाच्या हातची कुठलीही जोडी तंतोतंत नसते. धनपालच्या झडपेतली एक पाकळी सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे राहायची. इतरांना नुसती ‘टिक’ ऐकू येई. सन्मतीला ‘ट-टिक’ ऐकू यायचं. सहा वर्षं ती त्या ‘ट-टिक’च्या शेजारी बसून काम करत होती, शेजारी जेवत होती, शेजारी झोपत होती. लंगडणारं माणूस पायरी चढताना आवाजावरून ओळखू यावं, तसं तिला ते ओळखू येत होतं.

“नमस्कार काकू,” तो माणूस आत येत म्हणाला. “मी बसवराज हुक्केरी. जतला शाळेत गाणं शिकवतो. जवारी काढून पाहिजे होती.”

ट-टिक. ट-टिक.

“काकू, बरं वाटत नाही का?”

“बसा,” सन्मती कशीबशी म्हणाली. “बसा की मास्तर. उभे का?”

तो बसला. अडतिशीचा, सडपातळ, गळ्यात ‘हृदयश्रुती’ची चकती. चकतीवर हिरवा ठिपका. धनपालच्या गळ्यातही अशीच चकती होती, आता झडप बसवलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात असते. ती चोवीस तास झडपेचा आवाज ऐकते, आणि पाकळीवर रक्ताची गुठळी धरली किंवा पेशींचा पापुद्रा वाढला, तर आवाज बदलतो म्हणून हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल ठिपका दाखवते. धनपालचा ठिपका शेवटच्या सकाळपर्यंत हिरवा होता. दात घासता घासता तो मोरीत कोसळला तेव्हाही हिरवाच होता.

“मला तर बरा वाजतोय असं वाटत होतं,” बसवराज तानपुऱ्याची खोळ काढत सांगू लागला. “पण परवा धारवाडचे एक गवई आले होते शाळेत. तारेला हात लावला आणि म्हणाले, मास्तर, हे वाद्य मेलंय की हो. मला लई लाज वाटली बघा. रोज मी यावर पोरांना शिकवतोय.”

सन्मतीने यांत्रिकपणे तारा छेडल्या. खरंच मेलं होतं; तारा ज्या घोडीवर टेकतात तिथून उठणारी ती भरीव गुंज, जवारी, उरलीच नव्हती. “यात लाज कसली? रोज वाजवणाऱ्याला कधीच कळत नाही. तारेखाली घोडी रोज केसभर झिजते, जवारी रोज केसभर बसते, आणि तुमचा कानही तिच्याबरोबर रोज केसभर खाली बसतो. बाहेरचं माणूस येतं तेव्हाच कळतं.”

हे वाक्य ती गेली तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आली होती. जिभेला इतकं सवयीचं, की स्वतःच्या कानापर्यंत ते कधी पोचलंच नव्हतं.

दुकानाची एक पद्धत होती, धनपालने घालून दिलेली. आलेलं वाद्य गिऱ्हाइकासमोर वाजवून रेकॉर्ड करायचं, काम झाल्यावर पुन्हा करायचं, म्हणजे ‘आधीच बरं होतं’ म्हणायला कुणाला तोंड राहत नाही. सन्मतीने यंत्र सुरू केलं. तानपुरा वाजला आणि थांबला. त्यामागे ट-टिक, ट-टिक चालूच होतं.

“व्हॉल्व्ह कधी बसवला?” तिने विचारलं.

तो चमकला. “कळलं व्हय तुम्हाला? बायकोशिवाय कुणाला ऐकू येत नाही. अकरा महिने झाले. इथंच, मिरजेत.”

“नवाच ना?”

बसवराज मोठ्याने हसला. “काय काकू! व्हॉल्व्ह काय जुना बसवत्यात?”

सन्मतीला हसू आलं नाही. तिने त्याला बळेच चहा पाजला, मग पोहे केले, मग जतचं पाणी कसं, शाळा कशी, मुलीचं नाव काय, असं काय वाट्टेल ते विचारत तासभर बसवून ठेवलं. तो गेल्यावर तिने दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

*

पुण्यात सुकुमारने फोन उचलला तेव्हा ती कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाली, “तुझ्या वडिलांचा व्हॉल्व्ह कुठे आहे?”

पलीकडे सुकुमारने खोलीचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. तिला उत्तर मिळालं होतं.

“आई, तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं? माझ्या दुकानात येऊन बसला होता तो. माझ्या हातचे पोहे खाऊन गेला.”

सुकुमार आधी चाचरत, मग भराभरा सांगू लागला. कार्बनची झडप झिजत नाही, माणूस साठ-सत्तर वर्षांत संपतो आणि ती दोनशे वर्षं चालू शकते. म्हणून पाच वर्षांपूर्वी कायदा झाला. मृताच्या घरच्यांनी हो म्हटलं तर झडप काढून घ्यायची, केंद्रावर पाठवून साफ करायची, तापवून निर्जंतुक करायची, लाखभर वेळा उघडझाप करून तपासायची आणि गरजूला बसवायची. नाव कुणाचं कुणाला कळू द्यायचं नाही, आणि घेणाऱ्याला झडप जुनी आहे हेही सांगायचं नाही. धनपालचं शव ताब्यात देताना दवाखान्याने जो संगणकी पडदा पुढे केला होता त्यावर हा एक प्रश्न होता, आणि सुकुमारने ‘हो’वर बोट ठेवलं होतं.

“मला विचारायचं नाहीस?”

“तू त्या दिवशी कुणाशी बोलत होतीस का, आई? तू नुसती त्यांच्या छातीला कान लावून बसली होतीस. मी तुला दोनदा हाक मारली.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिचा संताप झाला. “बापाचं काळीज परस्पर वाटून टाकलंस! तुझं घर उजळलं असेल त्याने,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने किती फोन केले, सुनेने केले, तिने एकही घेतला नाही.

*

इथपर्यंत सन्मतीचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पुढचं मात्र तिने समजून उमजून केलं.

जवारी काढायला तिला दोन दिवस पुरेसे होते. तिने ती उत्तम काढली, फक्त तिसऱ्या तारेखाली घोडी मुद्दाम केसभर कमी घासली. तेवढ्याने पहिले आठ दिवस काही कळत नाही, मग ती तार जरा मुकी वाटू लागते. मिरजेत आता यंत्राने कोरलेल्या घोड्या मिळतात, त्यांत अशी चूक होत नाही. सन्मतीच्या हातूनही तीस वर्षांत झाली नव्हती.

बसवराज फेब्रुवारीत परत आला. “काकू, तिसरी तार जरा...”

“नवं घासलेलं लाकूड आहे ना मास्तर, बसायला वेळ लागतो. ठेवून जा. नाहीतर असं करा, बसाच तासभर, आत्ता बघते.”

तो बसला. तिने तिसरी तार सुधारली आणि चौथी बिघडवली. मार्चमध्ये तो पुन्हा आला. दोन्ही वेळा ती सूर्यास्ताच्या आत स्वयंपाक उरकून त्याला जेवूनच जा म्हणाली, धनपालच्या पाटावर बसवलं, आणि तो भाकरी मोडत असताना शेजारी बसून नुसती ऐकत राहिली. तिला लाज वाटत होती. पण घरात पुन्हा तो आवाज असला की तिला भूक लागायची, आणि एरवी लागत नव्हती. त्या भल्या माणसाला वाटलं, काकू एकट्या आहेत, लेकाशी पटत नाही, आपल्यात लेक बघतात. तो येताना जतची डाळिंबं आणू लागला.

सांगून टाकावं असं तिच्या मनात दरवेळी येई. सांगितलं की तो परत येणार नाही, हेही दरवेळी मनात येई, आणि ती गप्प बसे.

एप्रिलमध्ये तो धारवाडला सुट्टीतल्या शिबिराला गेला तो अडीच महिने आलाच नाही.

*

जूनच्या अखेरीस भर दुपारी तो आला तेव्हा सन्मती आतल्या खोलीत तानपुऱ्यांसाठी भोपळे निवडत होती. बाहेर पावलं वाजली, “काकू, आहात का?” असं ऐकू आलं. ती हात पुसत बाहेर आली, आणि दारातच थबकली.

टिक. टिक. टिक.

तिला वाटलं, दुसरंच कुणी आलंय. पण समोर बसवराजच होता, दम लागल्यासारखा भिंतीला हात टेकून, हसतमुख. गळ्यात चकती, चकतीवर हिरवा ठिपका.

“मास्तर, इकडे या. माझ्या जवळ बसा.”

तिने अगदी कान नेला. मागे राहणारी ती दुसरी पाकळी गायब होती. एकच ठोका, स्वच्छ.

“छातीतला आवाज बदललाय तुमच्या.”

“तुम्हाला पण कळलं का? कमी झालाय की नाही?” तो खुशीत म्हणाला. “आधी कसा खरबरीत होता, आता गोळीबंद येतो. माझी बायको शैला म्हणते, आता झोप लागते सुखाने. आतली सुटी टोकं जुळली असणार बघा.”

हे बोलणं सन्मतीने आधी ऐकलं होतं, आणि ते शैलाच्या नव्हे, स्वतःच्याच तोंडून.

तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारांना जोड म्हणतात. दोन्ही एकाच षड्जात लावायच्या. त्या इतक्या एक झाल्या पाहिजेत की तारा दोन आहेत हे ऐकणाऱ्याला कळताच कामा नये. असा जोड जुळला की वाद्य लावणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते लपवता येत नाही. सन्मतीचं सगळं आयुष्य दोनाचं एक करण्यात गेलं होतं. सहा वर्षं ती धनपालला चिडवायची, अहो, जगाचे जोड जुळवता आणि तुमचा स्वतःचा काही जुळत नाही. आणि शेवटच्या पावसाळ्यात कधीतरी तो जुळला होता. हळूहळू, रोज केसभर. ती रोज शेजारी होती, म्हणून तिला तो बदल म्हणून ऐकूच आला नव्हता. आणि जेव्हा ऐकू आला, तेव्हा तिला आनंद झाला होता.

दोन पाकळ्यांचे दोन आवाज. एकच आवाज येतोय, याचा अर्थ एकच पाकळी हलतेय. एवढं साधं होतं ते.

“मास्तर, उठा. दवाखान्यात चला.”

“का? काय झालं?”

“तुमची एक पाकळी अडकलीय.”

त्याने चकती उचलून दाखवली. “हे बघा, हिरवं आहे. आणि मला पाचची गाडी गाठायचीय काकू, उद्या शाळेत कार्यक्रम आहे. तेवढी पहिल्या तारेची जवारी—”

“खड्ड्यात गेली जवारी! दम लागतो का तुम्हाला?”

“शिबिरात जरा दगदग झाली. त्यात काय एवढं?”

धनपालही हेच म्हणाला होता. काम जास्त झालंय, त्यात काय एवढं. सन्मतीला कळून चुकलं की चकतीच्या हिरव्या ठिपक्यापुढे म्हातारीच्या कानाला कुणी विचारणार नाही. त्याला इथून उठवून न्यायचं असेल तर सगळंच सांगावं लागणार होतं. तिने सांगितलं.

“हा व्हॉल्व्ह माझ्या नवऱ्याचा आहे.”

बसवराजने हसायचा प्रयत्न केला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. ती थांबली नाही. कायदा, केंद्र, सुकुमारचं बोट, आणि मुद्दाम बिघडवलेली तिसरी तार, चौथी तार, सगळं तिने एका दमात ओकून टाकलं. तो उठून उभा राहिला. त्याचा हात नकळत छातीवर गेला होता, आणि मग चटका बसावा तसा त्याने तो काढून घेतला.

“मेलेल्या माणसाचा? माझ्यात?” त्याचा आवाज चिरकला. “आणि तुम्ही मला जेवायला बसवून... त्याला ऐकत होता? मी काय पेटी आहे का काकू, त्याचा आवाज ठेवायची?”

“तुम्ही म्हणाल ते खरं. शिव्या द्या मला, पण दवाखान्यात द्या.”

“नाही. आता मी इथं एक मिनिट थांबत नाही.” त्याने तानपुरा उचलला.

“मास्तर! जानेवारीत हा तानपुरा मेला होता. कळलं होतं तुम्हाला?”

तो दारात थांबला.

“कळलं होतं? तुम्ही गाणारे. रोज चार तास वाजवत होता. बाहेरच्या माणसाने सांगितलं तेव्हा कळलं. आता मी बाहेरची आहे. मार्चनंतर मी तुम्हाला ऐकलेलं नाही, शैलाने रोज ऐकलंय.” तिने रेकॉर्डिंग शोधलं, जानेवारीतलं, आणि आवाज पूर्ण मोठा केला. तानपुरा थांबला. त्यामागची खोली वाजू लागली. “तानपुरा ऐकू नका, त्याच्या मागे ऐका. आणि आता स्वतःचा ऐका.”

गवयाचा कान होता तो, पटायला चार ठोके लागले. त्याने तानपुरा हलकेच भिंतीला टेकवला आणि चपला घातल्या.

*

डॉक्टर नसीमा पटवेगार स्वभावाने चांगल्या, पण त्यांच्या पडद्यावर बसवराजच्या नावापुढे सोळा महिन्यांची हिरवी रेघ होती आणि बाहेर चाळीस माणसं बसली होती. “चौगुले काकू, यंत्र दिवसाला लाखभर ठोके ऐकतं. तुम्ही एक तास ऐकलंत.”

“यंत्र कशाशी ताडून बघतं?” सन्मतीने विचारलं.

“म्हणजे?”

“आजचा ठोका बरोबर आहे हे त्याला कशावरून कळतं? पहिल्या दिवसाच्या ठोक्यावरून?”

डॉक्टर म्हणाल्या, “नाही. माणसाचं वजन वाढतं, खोकला होतो, चकती जरा सरकते, आवाज थोडाफार बदलतोच. पहिल्या दिवसाशी ताडलं असतं तर रोज लाल दिवे लागले असते. सुरुवातीला लागायचे, लोक घाबरून घाबरून यायचे. म्हणून यंत्र रोज थोडं शिकतं. गेल्या काही दिवसांचा आवाज तेच ‘नेहमीचं’ धरतं आणि...”

त्या बोलता बोलता थांबल्या.

“म्हणजे तेही रोज केसभर खाली बसतं,” सन्मती म्हणाली. “माझ्यासारखंच.”

डॉक्टरांनी तिच्या हातातलं रेकॉर्डिंग घेतलं आणि पडद्यावर चढवलं. जानेवारीच्या ठोक्याला शेजारी शेजारी दोन टोकं होती. आजच्या ठोक्याला एक. त्यांनी आणखी काही न विचारता बसवराजला हलत्या एक्स-रेखाली झोपवलं. काचेपलीकडून सन्मतीला दिसलं. करड्या अंधारात एक काळी रेघ उघडत होती, मिटत होती, उघडत होती, मिटत होती. तिच्या शेजारची दुसरी रेघ तशीच तिरकी उभी होती. जराही हलत नव्हती.

बसवराजनेही मान वळवून ते पाहिलं. “त्यांना पण असंच झालं होतं?” त्याने एवढंच विचारलं.

डॉक्टरांनी झडपेचा क्रमांक टाकून केंद्राची नोंद उघडली. धनपालच्या छातीतून काढल्यानंतर झडप जिथे साफ झाली, तिथल्या कुणीतरी एक ओळ लिहून ठेवली होती. ‘एका पाकळीच्या बिजागरीवर पेशींचा जाड थर. काढून टाकला. झडप उत्तम.’ साफ करणाऱ्याचं काम साफ करण्याचं होतं, त्याने ते चोख केलं होतं. हा थर ज्याच्या छातीत वाढला तो कशाने मेला, हे विचारायचं काम कुणाचंच नव्हतं. डॉक्टर ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या.

“या गावात एक हजार चकत्या आहेत माझ्या,” त्या हळूच म्हणाल्या. “सगळ्या हिरव्या.”

*

बसवराजचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. झडप बदलली, या वेळी कोरी करकरीत. चौथ्या दिवशी सन्मती त्याला भेटायला गेली तेव्हा शैलाने तिला मिठीच मारली, बसवराज मात्र खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, “काकू, आता माझ्यात ते नाहीत. आता आलो तर चालेल का?”

“आता खरी जवारी काढून देते,” ती म्हणाली. तिने कान देऊन ऐकलं. त्याचा नवा आवाज तिला अगदी परका होता, आणि त्यात दोन ठोके होते.

पण डॉक्टर पटवेगारांचं काम संपलं नव्हतं. यंत्राला पहिल्या दिवसाची आठवण ठेवायला शिकवायचं तर पाकळी सावकाश अडकत जाण्याचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवा होता. तसा तो जगात कुणाकडे नव्हता, कारण चकत्या जुने आवाज पुसून टाकत. तसा तो फक्त मिरजेतल्या एका दुकानात होता. सहा वर्षांची तीनशे बारा रेकॉर्डिंगं, प्रत्येकावर तारीख, प्रत्येकात तानपुऱ्यामागे बसलेला धनपाल. डॉक्टरांनी एक तक्ता पाठवला. तारीख, दोन ठोक्यांतलं अंतर, आणि शेवटचा रकाना, ‘बदल प्रथम कोणाच्या लक्षात आला?’ बसवराजच्या तक्त्यात तिथे त्यांनी सन्मतीचं नाव लिहिलं होतं.

ती दुपारची जेवणं झाल्यावर बसायची आणि ऐकायची. पहिली पाच वर्षं ट-टिक. तिला रडू यायचं, पण ते सोसण्यासारखं होतं. सहाव्या वर्षाच्या उन्हाळ्यात अंतर कमी होऊ लागलं. आज सलग ऐकताना ते बहिऱ्यालाही कळलं असतं. जून, जुलै. पाकळी थकत चालली होती, आणि तानपुरे एकाहून एक सुंदर वाजत होते.

एकोणतीस ऑगस्ट. कुणा कोल्हापूरच्या बाईंचा तानपुरा. तो वाजला, थांबला, आणि यंत्र बंद करायचं त्या दिवशी राहून गेलं असावं. टिक. टिक. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, लाडात आलेला.

“अहो, इकडे या. जवळ बसा जरा. ऐकलंत का? जोड जुळला तुमचा! सहा वर्षांनी का होईना.”

“खरंच?” धनपाल म्हणाला.

“मी सांगते ना.”

“मग उद्याची दवाखान्याची तपासणी वाचली. हलत्या एक्स-रेला बोलावलंय, अर्धा दिवस मोडणार होता. तुझ्यापेक्षा चांगला कान आहे का कुणाचा मिरजेत?”

“नाहीच मुळी,” ती म्हणाली, आणि दोघंही हसली. त्यानंतर बराच वेळ नुसतं टिक, टिक, टिक.

सन्मतीने यंत्र थांबवलं. तपासणीचं तिला आठवतच नव्हतं. जोड जुळल्याचा आनंद आठवत होता, ते हसणं आठवत होतं, आणि एवढीच एक गोष्ट मन सोयीने गिळून बसलं होतं. त्यानंतर अकरा आठवड्यांनी तो मोरीत कोसळला.

रेकॉर्डिंग पुसून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तीनशे अकरानेही यंत्राचं काम भागलं असतं. तिचा अंगठा त्या खुणेवर जाऊन थांबलाही होता. मग तिने तो उचलला, तक्त्यात एकोणतीस ऑगस्टची ओळ भरली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘सन्मती धनपाल चौगुले. ऐकला, पण चांगला समजले.’

तक्ता पाठवून दिल्यावर तिने सुकुमारला फोन लावला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. त्याने पहिल्या घंटीला उचलला.

“आई? बरी आहेस ना?”

“बाळा, तू बोट ठेवलंस ते बरोबर केलंस. एक माणूस वाचला, अजून वाचतील,” ती म्हणाली. “आता मी काय केलं ते ऐक.”

आणि तिने फोन रेकॉर्डिंगच्या यंत्राजवळ ठेवला.